मोटारीचा दायित्व विमा : भरपाईची मर्यादा आणि बचावाचा खर्च

अमेरिकेतल्या मोटार विम्याच्या पॉलिसीत दायित्वाचा जो भाग असतो, तो दोन वेगवेगळी आश्वासने देतो. विमाधारकाच्या चुकीमुळे दुसऱ्याला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याने द्यायची भरपाई कंपनी ठरावीक रकमेपर्यंत भरेल, हे पहिले. त्या अपघातावरून त्याच्यावर दावा झाला, तर कंपनी स्वतःच्या खर्चाने वकील देऊन तो लढवील किंवा मिटवील, हे दुसरे. पहिल्या आश्वासनाला आकड्याची मर्यादा असते, दुसऱ्याला सहसा नसते. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ठळक छापलेले आकडे फक्त पहिल्याचे असतात आणि ग्राहकाचे लक्ष तिथेच थांबते. दुसरे आश्वासन आतल्या पानांवर चार-पाच ओळींत उरकलेले असते. न्यायालयांत गाजलेले पुष्कळसे वाद मात्र या चार-पाच ओळींतूनच निघाले आहेत.

विमाधारकाची स्वतःची गाडी दुरुस्त करणे किंवा त्याच्या स्वतःच्या औषधपाण्याचा खर्च देणे हे दायित्व विम्याचे काम नाही. त्यासाठी पॉलिसीत वेगळे भाग आणि वेगळे हप्ते असतात. दायित्व विमा केवळ दुसऱ्याला देणे लागणाऱ्या रकमेचा.

मर्यादा बहुतेक पॉलिसींत तीन आकड्यांत लिहिलेली असते. ३०/६०/१५ असे लिहिले असेल तर हे आकडे हजार डॉलरचे समजायचे. एका जखमी व्यक्तीसाठी जास्तीत जास्त ३० हजार, एका अपघातातल्या सर्व जखमींसाठी मिळून ६० हजार, आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५ हजार. काही पॉलिसींत या तिन्हींऐवजी एकच एकत्रित रक्कम असते, उदाहरणार्थ ३ लाख डॉलर; ती इजा आणि मालमत्ता दोन्हींसाठी हवी तशी वापरता येते.

तीन आकड्यांची मर्यादा प्रत्यक्षात कशी चालते हे उदाहरणाने स्पष्ट होईल. ३०/६०/१५ची पॉलिसी असलेल्या चालकाने सिग्नल तोडून दुसऱ्या गाडीला धडक दिली. त्या गाडीतल्या तिघांची भरपाई अनुक्रमे ५० हजार, २० हजार आणि ८ हजार ठरली, आणि ४० हजारांची गाडी भंगारात गेली. पहिल्या जखमीला कंपनी ३० हजारच देईल, कारण एका व्यक्तीची मर्यादा तिथे संपते. उरलेल्या दोघांना पूर्ण रक्कम मिळेल. तिघांची बेरीज ५८ हजार होते. अपघाताच्या एकूण मर्यादेत अजून २ हजार शिल्लक आहेत, पण ते पहिल्या जखमीकडे वळवता येत नाहीत. गाडीचे १५ हजार कंपनी देईल आणि २५ हजार राहतील. इजेचे २० आणि गाडीचे २५ असे ४५ हजार डॉलर चालकाला स्वतःच्या खिशातून द्यावे लागतील.

यात एक बारकावा सहज नजरेतून सुटतो. जखमी पतीच्या इजेमुळे पत्नीला सहजीवनाची हानी झाली म्हणून तिने वेगळा दावा केला, तरी पॉलिसीच्या नेहमीच्या भाषेनुसार तो पतीच्याच ‘एका व्यक्ती’च्या मर्यादेत मोडतो. इजा एका शरीराला झाली, म्हणून मर्यादाही एकच. त्याचप्रमाणे पॉलिसीवर दोन गाड्या नोंदलेल्या असल्या किंवा दाव्यात नवरा-बायको दोघेही प्रतिवादी असले, म्हणून मर्यादा दुप्पट होत नाही.

किमान मर्यादा किती असावी हे प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने ठरवते. सक्तीचा विमा सर्वप्रथम मॅसॅच्युसेट्सने आणला. १९२५ साली कायदा झाला आणि १९२७च्या सुरुवातीपासून तो लागू झाला. इतर राज्यांनी पुष्कळ वर्षे वेगळा मार्ग धरला. एकदा अपघात झाला आणि भरपाई थकली की परवाना रोखायचा आणि पुढच्या वेळेसाठी आर्थिक क्षमतेचा पुरावा मागायचा, अशी ती पद्धत होती. पहिल्या अपघातातल्या जखमीला तिचा फारसा उपयोग नव्हता, हे उघड आहे. आज न्यू हॅम्पशायर सोडले तर विमा किंवा तत्सम आर्थिक हमी बहुतेक सर्वत्र सक्तीची आहे. फ्लोरिडाचा प्रकार निराळा आहे. तिथे सामान्य वाहनमालकाला स्वतःच्या इजेचा आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचा विमा सक्तीचा आहे, दुसऱ्याच्या शारीरिक इजेचा सरसकट नाही.

हे किमान आकडे महागाईच्या मागे रखडत चालतात. कॅलिफोर्नियात १५/३०/५ ही मर्यादा अर्ध्या शतकाहून अधिक काळ तशीच राहिली. १ जानेवारी २०२५ पासून ती ३०/६०/१५ झाली. दरम्यान इस्पितळांची बिले आणि गाड्यांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या. किमान मर्यादेची पॉलिसी कायदा पाळण्यापुरती पुरेशी असते. गंभीर अपघातात ती पुरेल असे मानायला काही आधार नाही.

मर्यादेपलीकडची रक्कम वसूल करण्यासाठी जखमीला चालकाच्या मालमत्तेमागे जावे लागते. घरावर बोजा चढवता येतो, पगारातून कपात करून घेता येते. सर्वसाधारण कर्जवसुलीत हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त कपात संघीय कायदा होऊ देत नाही, आणि काही राज्यांत राहत्या घराला भक्कम संरक्षण आहे. दिवाळखोरी जाहीर करून असे देणे पुष्कळदा पुसताही येते. दारू पिऊन गाडी चालवल्याने झालेल्या मृत्यूचे किंवा इजेचे देणे मात्र दिवाळखोरीनेही पुसले जात नाही. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडून काहीच मिळत नाही, हे वादीच्या वकिलाला पहिल्याच दिवशी ठाऊक असते. त्यामुळे बहुसंख्य दावे मर्यादेच्या आत किंवा बरोबर मर्यादेवर मिटतात. मर्यादेचा आकडा नावाला कमाल रक्कम असला, तरी व्यवहारात वाटाघाट त्याच्याभोवतीच फिरते.

आता बचावाचा खर्च. अमेरिकेत सर्वसाधारण नियम असा की हरलेला पक्ष जिंकलेल्याच्या वकिलाची फी देत नाही. ज्याचा वकील त्याचा खर्च. जखमीचा वकील बहुधा मिळणाऱ्या रकमेचा वाटा घेतो, साधारण एक तृतीयांश, आणि हरला तर काहीच घेत नाही. त्यामुळे दावा लावताना जखमीच्या खिशाला फारशी तोशीस पडत नाही. प्रतिवादीची गोष्ट वेगळी. त्याच्या वकिलाला तासाचे पैसे द्यावे लागतात, निकाल काहीही लागो. साक्षीदारांच्या शपथेवरच्या जबान्या खटल्याआधीच घेतल्या जातात आणि त्यांचे लेखी उतारे विकत घ्यावे लागतात. अपघात कसा घडला याची मांडणी करणारे अभियंते, इजा किती जुनी आहे हे सांगणारे डॉक्टर, बुडालेल्या उत्पन्नाचा हिशेब करणारे अर्थतज्ज्ञ अशा सगळ्यांची फी द्यावी लागते. चूक नसलेला प्रतिवादीही या खर्चातून सुटत नाही. निर्दोष ठरण्यासाठीच त्याला तो करावा लागतो.

सर्वसामान्य खासगी मोटार पॉलिसीत हा सगळा खर्च मर्यादेच्या बाहेर असतो. मर्यादा ३० हजार आणि बचावावर २० हजार खर्च झाले, तरी जखमीसाठी ३० हजार अबाधित राहतात. डॉक्टर, वकील, कंपन्यांचे संचालक यांच्या व्यावसायिक दायित्वाच्या अनेक पॉलिसींत याच्या उलट व्यवस्था असते. तिथे वकिलाचे प्रत्येक बिल मर्यादा पोखरत जाते, आणि खटला लांबला तर भरपाईसाठी फारसे काही उरत नाही. मोटार विम्यात असे करू दिले असते, तर सक्तीच्या किमान मर्यादेला अर्थ उरला नसता. जखमीसाठी कायद्याने राखून ठेवलेली रक्कम त्याच्याविरुद्धच्याच वकिलावर खर्च झाली असती.

वकिलाच्या फीखेरीज आणखी काही किरकोळ रकमा मर्यादेबाहेर दिल्या जातात. कंपनीच्या विनंतीवरून न्यायालयात हजर राहिल्याने बुडालेली रोजी, अपिलासाठी लागणाऱ्या हमीपत्राचा हप्ता, जामीनपत्राचा अल्पसा खर्च, हे त्यात येतात. यांतली खरी मोठी बाब व्याजाची. निवाड्यानंतर चढणारे व्याज कंपनी मर्यादेबाहेर देते, आणि अनेक न्यायालयांनी हे व्याज कंपनीच्या वाट्यापुरते न धरता संपूर्ण निवाड्यावर धरले आहे. आपल्या वाट्याची रक्कम देऊ केल्यावर कंपनीची ही जबाबदारी थांबते. निवाड्यापूर्वीचे व्याज मात्र रूढ पॉलिसीत भरपाईचाच भाग समजले जाते आणि मर्यादेतून जाते.

बचाव करण्याची जबाबदारी भरपाई देण्याच्या जबाबदारीपेक्षा व्यापक मानली जाते. दाव्याच्या अर्जातला मजकूर खरा धरला आणि तो पॉलिसीच्या कक्षेत बसण्याची शक्यता असली, तरी कंपनीला वकील द्यावा लागतो. आरोप पोकळ किंवा खोटे असले तरीही द्यावा लागतो, कारण ते खोटे आहेत हे ठरवण्यासाठीच तर खटला लढवायचा असतो. मुद्दाम गाडी अंगावर घातली असा एकमेव आरोप असेल, तर सहसा दोन्ही जबाबदाऱ्या उरत नाहीत. हेतुपुरस्सर केलेली इजा विम्यात बसत नाही. दंडात्मक भरपाईबाबत राज्याराज्यांत फरक आहे. कॅलिफोर्नियात स्वतःच्या दुर्वर्तनासाठी झालेला असा दंड विम्यातून भरता येत नाही.

ही जबाबदारी संपते कधी? मर्यादेची संपूर्ण रक्कम तडजोडीत किंवा निवाड्यापोटी दिली गेली की संपते. या वाक्यातले ‘तडजोडीत किंवा निवाड्यापोटी’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. खटला लांबेल, खर्च वाढेल असे दिसल्यावर कंपनीने मर्यादेचा धनादेश न्यायालयात जमा करावा आणि विमाधारकाला वाऱ्यावर सोडून द्यावे, हे या भाषेत बसत नाही. रूढ पॉलिसीत ही तरतूद स्पष्टपणे लिहिलेली असते. तिच्यामुळेच कमी मर्यादेच्या पॉलिसीतही बचावाचे आश्वासन दमदार राहते. किंबहुना हप्त्याच्या मानाने पाहिले तर किमान मर्यादेच्या ग्राहकाला मिळणारी सर्वांत मौल्यवान गोष्ट म्हणजे फुकट मिळणारा वकील.

पण हा वकील कोणाचा, हा प्रश्न लगेच उभा राहतो. त्याची नेमणूक कंपनी करते, पैसे कंपनी देते, दावा लढवायचा की मिटवायचा हेही पॉलिसीनुसार कंपनीच ठरवते. तरीही अमेरिकेतल्या वकिली आचारसंहितेनुसार त्याची निष्ठा विमाधारकाशी असावी लागते. दोघांचे हित एकाच दिशेला असते तोवर अडचण येत नाही. भरपाई मर्यादेच्या वर जाण्याची शक्यता दिसू लागली की हितसंबंधांच्या वाटा फुटतात. समजा मर्यादा ५० हजार आहे आणि जखमी पक्ष बरोबर ५० हजारांत मिटवायला तयार आहे. विमाधारकाला ही तडजोड शंभर टक्के हवी असेल, कारण त्याला एक डॉलरही द्यावा लागणार नाही. कंपनीच्या दृष्टीने मात्र तडजोड केली तर ५० हजार नक्की गेले. खटला लढवला तर वाईटात वाईट तेवढेच जातील आणि नशीब असेल तर काहीच जाणार नाही. पैज कंपनीने लावायची आणि हरलेली रक्कम विमाधारकाने भरायची, असा हा मामला आहे.

टेक्ससच्या न्यायालयाने १९२९ साली हाच पेच सोडवला. जी. ए. स्टोवर्स या फर्निचर कंपनीच्या ट्रकमुळे अपघात होऊन एक तरुणी जखमी झाली होती. विम्याची मर्यादा ५ हजार डॉलर होती. जखमी पक्षाने ४ हजारांत तडजोड देऊ केली. विमा कंपनी अडीच हजारांच्या वर जायला तयार नव्हती. ज्युरीने १२ हजारांहून अधिक रक्कम मंजूर केली. फर्निचर कंपनीने ती व्याज आणि खर्चासह भरली आणि मग आपल्याच विमा कंपनीवर दावा लावला. न्यायालयाने तिची बाजू उचलून धरली. तडजोडीची सूत्रे विमा कंपनीने स्वतःच्या हाती ठेवली असतील, तर सामान्य सुज्ञ माणूस स्वतःच्या व्यवहारात जेवढी काळजी घेईल तेवढी तिने घेतली पाहिजे, आणि मर्यादेतली वाजवी तडजोड बेपर्वाईने नाकारली तर संपूर्ण निवाडा तिच्या माथी बसेल, असे सूत्र या निकालातून रूढ झाले. टेक्ससचे वकील आजही मर्यादेतल्या तडजोडीच्या मागणीपत्राला ‘स्टोवर्स मागणी’ म्हणतात. इतर बहुतेक राज्यांनी असाच कर्तव्याचा नियम वेगवेगळ्या शब्दांत स्वीकारला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५८च्या कम्युनाले खटल्यात त्याला सद्भावनेच्या गर्भित कराराचा आधार दिला.

हा नियम किती दूर नेता येतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण युटा राज्यातले आहे. १९८१ साली कॅम्पबेल नावाच्या चालकाने दुपदरी रस्त्यावर एकामागून एक जाणाऱ्या सहा व्हॅनना ओलांडण्याचा प्रयत्न केला. समोरून येणाऱ्या तरुणाने टक्कर टाळण्यासाठी गाडी वळवली, ती तिसऱ्या गाडीवर आदळली. तो तरुण दगावला आणि तिसऱ्या गाडीचा चालक कायमचा अपंग झाला. कॅम्पबेलच्या स्टेट फार्म या कंपनीच्या पॉलिसीत प्रत्येकी २५ हजार आणि एकूण ५० हजारांची मर्यादा होती. दोन्ही पक्ष त्या रकमेत मिटवायला तयार होते. चूक कॅम्पबेलची असल्याचे तपासात लवकरच स्पष्ट झाले होते, तरी कंपनीने तडजोड नाकारली आणि तुमच्या मालमत्तेला धोका नाही असे कॅम्पबेल आणि त्याच्या पत्नीला सांगितले. ज्युरीने १,८५,८४९ डॉलरचा निवाडा दिला. मर्यादेवरचे १,३५,८४९ द्यायला कंपनीने नकार दिला, आणि तिच्या वकिलाने घर विकायला काढण्याची भाषा केली. कॅम्पबेलने स्वतंत्र वकील करून अपील केले. १९८९ साली ते फेटाळले गेल्यावर कंपनीने सगळी रक्कम भरली.

प्रकरण तिथे थांबले नाही. कंपनीने विश्वासघात केला म्हणून कॅम्पबेल दांपत्याने दावा लावला, आणि ज्युरीने प्रत्यक्ष नुकसानीपोटी २६ लाख आणि दंडापोटी १४.५ कोटी डॉलर मंजूर केले. खालच्या न्यायालयाने हे आकडे १० लाख आणि अडीच कोटींवर आणले. युटाच्या सर्वोच्च न्यायालयाने १४.५ कोटींचा दंड पुन्हा कायम केला. अखेर २००३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. प्रत्यक्ष नुकसानीच्या एकअंकी पटीच्या पुढे जाणारा दंड घटनेच्या कसोटीला क्वचितच उतरेल, असा त्या निकालाचा आशय आहे. फेरसुनावणीत दंड सुमारे ९० लाखांवर स्थिरावला. कायद्याच्या अभ्यासक्रमांत हा निकाल दंडात्मक भरपाईच्या घटनात्मक मर्यादेसाठी शिकवला जातो. विमा व्यवसायाने मात्र त्यातून निराळा धडा घेतला. मर्यादेतली मागणी आली की ती विमाधारकाला लेखी कळवायची, धोका समजावून सांगायचा, स्वतःचा वकील करण्याची मुभा आहे हे नमूद करायचे आणि सगळे फाइलला लावायचे. अशा पत्राने ग्राहकाची झोप उडते, पण ते न पाठवणे कंपनीला अधिक महाग पडते.

हितविरोधाचा दुसरा प्रकार म्हणजे ‘हक्क राखून’ केलेला बचाव. दावा पॉलिसीत बसतो की नाही याबद्दल कंपनीला शंका असते. ती वकील देते, पण नंतर भरपाई नाकारण्याचा हक्क राखून ठेवल्याचे कळवते. ज्या मुद्द्यावर विमा लागू होणे अवलंबून आहे तोच मुद्दा खटल्यात वळवण्याची संधी वकिलाला असेल, तर काय करावे? कॅलिफोर्नियात १९८४च्या क्युमिस निकालाने आणि त्यामागोमाग झालेल्या कायद्याने अशा परिस्थितीत विमाधारकाला कंपनीच्या खर्चाने स्वतःच्या पसंतीचा वकील मिळतो. प्रत्येक शंकेला हा हक्क लागू होत नाही. विरोध खटल्याच्या मुद्द्याशी निगडित असावा लागतो.

जखमी अनेक आणि मर्यादा तोकडी असेल तर पेच आणखी वाढतो. पहिल्या दावेदाराला घाईने सगळी रक्कम देऊन टाकली तर उरलेल्यांसमोर विमाधारक उघडा पडतो. म्हणून कंपन्या सर्वांना एकत्र बोलावून वाटप ठरवतात, किंवा न्यायालयात रक्कम जमा करून दावेदारांनी आपसात हिस्से ठरवावेत अशी मागणी करतात. अशी रक्कम जमा केल्यानेच बचावाची जबाबदारी संपत नाही, हे वर आलेच आहे.

व्यापारी वाहनांचे नियम वेगळे आहेत. आंतरराज्य मालवाहतूक करणाऱ्या मोठ्या ट्रकला संघीय कायद्याने किमान साडेसात लाख डॉलरची आर्थिक हमी लागते. धोकादायक मालासाठी आणि मोठ्या प्रवासी बससाठी ती ५० लाखांपर्यंत जाते. या हमीसाठी पॉलिसीला जोडलेला विहित मसुदा जनतेला भरपाईची खात्री देतो, पण तो ट्रकमालकाला बचावाचे आश्वासन देत नाही, आणि त्याखाली दिलेली रक्कम कंपनी मालकाकडून परत मागू शकते. खासगी गाडीच्या मालकाला मर्यादा वाढवायची असेल तर मूळ पॉलिसीची मर्यादा चढवून तिच्यावर ‘अम्ब्रेला’ पॉलिसी घेता येते. ती सहसा १० लाख डॉलरपासून सुरू होते आणि मूळ पॉलिसी संपल्यावरच लागू होते.

भारतातून तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांना ही आकड्यांची भाषा नवी वाटते, कारण भारतीय वाहनविम्याची बांधणी वेगळी आहे. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात इथेही मर्यादा होत्या. मालवाहू गाडीसाठी ती एके काळी २० हजार रुपये होती. एका ट्रकच्या अपघातात एक मृत आणि एक जखमी झाल्यावर ही रक्कम दोघांत मिळून की प्रत्येकाला, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी १९८१ साली मोदी खटल्याच्या निकालात तो प्रत्येकाच्या बाजूने सोडवला. अमेरिकी पॉलिसीत जे दोन आकडे वेगळे छापून ठरवले जाते, ते इथे कायद्यातल्या ‘एक अपघात’ या शब्दांच्या अर्थावरून ठरवावे लागले. १९८८च्या कायद्याने त्रयस्थाच्या मृत्यू किंवा इजेसाठी मर्यादाच काढून टाकली. न्यायाधिकरण जेवढे ठरवील तेवढे कंपनीने द्यायचे. मर्यादा उरली ती मालमत्तेच्या नुकसानीपुरती, आणि मोटारीच्या पॉलिसीत ती साधारणतः साडेसात लाख रुपये असते.

बचावाच्या बाबतीत मात्र भारतीय मालकाला तेवढे मिळत नाही. इथल्या पॉलिसीत मालकाचा खटला चालवणे हा कंपनीचा पर्याय असतो, कर्तव्य नसते. न्यायाधिकरणापुढे कंपनी स्वतःच पक्षकार असते आणि तिचा वकील तिच्यासाठीच उभा राहतो. मालक अनेकदा हजरच होत नाही आणि त्याच्याविरुद्ध काम एकतर्फी चालते. कंपनीला कायद्याने मोजकेच मुद्दे मांडता येतात. मालक दावेदाराला सामील असेल किंवा लढतच नसेल, तर न्यायाधिकरणाच्या परवानगीने ती सर्व मुद्द्यांवर लढू शकते. चालकाकडे वैध परवाना नसणे हा तिच्या मोजक्या मुद्द्यांपैकी एक. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४च्या स्वर्णसिंग निकालानुसार मालकाने जाणूनबुजून किंवा हयगयीने अशा चालकाच्या हाती गाडी दिल्याचे सिद्ध झाले, तरी जखमीला आधी कंपनीने द्यावे आणि मग ती रक्कम मालकाकडून घ्यावी, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. त्यासाठी कंपनीला वेगळा दावा लावावा लागत नाही; न्यायाधिकरणाच्या दाखल्यावर जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करू शकतात.